काटा खरे बोलतो का?

दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला आमची आई घंगाळातले पाणी कधी बोटांनी पाहत नसे. मूल मांडीवर घेई, पदर सावरी आणि पाण्यात कोपर बुडवी. “बोटं चुलीपाशी निबर झालेली. त्यांना काय कळतंय? कोपराची कातडी बाळाच्या कातडीसारखी,” असे ती म्हणे. उष्णता मोजायची ती ज्याला लागणार आहे त्याच्या कातडीने मोजावी, हा त्यातला मुद्दा. पुढे शाळेत उष्णतामापक हाती आला आणि हा मुद्दा मी साफ विसरून गेलो. तो मला पुन्हा शिकवला एका सरड्याने.

माझी धाकटी बहीण वाडीला राहते. नागपूरहून अमरावती रस्त्याने निघाले की गोदामांचे आणि मालमोटारींचे हे गाव लागते. तिच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाने इग्वाना पाळला आहे. नाव ऐकून दचकू नका! हिरवागार, घोरपडीच्या घाटाचा, पण कुळाने वेगळा असा हा मध्य व दक्षिण अमेरिकेच्या दमट रानांतला झाडावर राहणारा प्राणी. जास्वंदीची पाने-फुले आणि भोपळ्याचा कीस मिटक्या मारीत खातो. माशीच्याही वाटेला जात नाही.

कायद्याची शंका कुणाच्या मनात आली असेल तर आधीच सांगतो. तारा कासव, घोरपड असे आपल्या रानातले प्राणी घरात ठेवणे हा सरळ गुन्हा आहे. बाहेरदेशचे जे प्राणी कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आहेत, त्यांची २०२४ च्या नियमांप्रमाणे सरकारदरबारी नोंदणी करावी लागते, आणि इग्वाना त्यांत येतो. भाच्याने ती वेळेवर करून घेतली. मुलगा शिस्तीचा आहे. आणि या गोष्टीत तेच तर दुःख आहे.

गेल्या मे महिन्यात एका दुपारी त्याचा फोन आला. “मामाजी, तो काही खाऊनच नाही राहिला जी. अन् मागच्या पायाचं बोट काळं पडून राहिलं!”

साठ, साठ आणि साठ

मी गेलो. घरात कपाटाएवढा उभा पिंजरा, पुढे काच, आत फांद्या, वर दिवा. काचेला अगदी वरच्या कोपऱ्यात दमटपणा दाखवणारी एक गोल तबकडी चिकटवलेली, आणि तिचा काटा साठावर. भाच्याने वही पुढे केली. रोज सकाळी आठला आकडा टिपलेला. मार्चपासून साठ, साठ, साठ. एक दिवस चुकलेला नाही.

बहीण चहा घेऊन आली होती. तिने वहीत डोकावून पाहिले आणि म्हणाली, “दादा, बाहेर लू चालली आहे, माझ्या ओठांना भेगा पडल्या, पापड तासाभरात वाळतो, आणि याच्या पेटीत महिनोन्महिने साठच कसे रे?”

दोन पदव्या घेतलेल्या मामाला आणि शिस्तीच्या भाच्याला जे दिसले नाही ते तिला दिसले. जो काटा कधी हलत नाही, तो मोजतच नसतो.

पशुवैद्यांनी पाहून सांगितले की कात अडकली आहे. इग्वानाची कात सापासारखी एकसंध निघत नाही, तुकड्यातुकड्यांनी सुटते. हवा कोरडी असली की बोटांभोवती आणि शेपटीच्या टोकाशी तिची वळी तशीच राहतात, आवळत जातात, आणि रक्त पुढे जाईनासे होते. कोमट पाण्यात भिजवून बाकीची वळी सोडवता आली, पण एका बोटाचे टोक गेले ते गेलेच. इग्वानाची शेपटी तुटली तर पुन्हा फुटते. बोट पुन्हा येत नाही.

मिठाची साक्ष

त्या संध्याकाळी आम्ही तबकडीची चौकशी मांडली. ती गच्चीवर नेली, काटा साठ. मग मिठाची परीक्षा घेतली. ही परीक्षा कोणत्याही घरात करता येते, म्हणून नीट सांगतो.

बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ घ्या. त्यावर पाण्याचे थोडे थेंब टाका. ते ओल्या वाळूसारखे दिसले पाहिजे, विरघळून जाता कामा नये. हे झाकण आणि आपले आर्द्रतामापक एका घट्ट बंद होणाऱ्या डब्यात शेजारी शेजारी ठेवून रात्रभर सावलीत राहू द्या. अशा बंद जागेत ओले मीठ हवेची आर्द्रता ७५ टक्क्यांवर आणून ठेवते. हवा जास्त दमट असेल तर मीठ ओल शोषते, कोरडी असेल तर सोडते. पावसाळ्यात स्वयंपाकघरातल्या मिठाला पाणी का सुटते, त्याचे उत्तरही हेच. हवेने साधारण ती पंचाहत्तरची रेघ ओलांडलेली असते. सकाळी मापक ७५ च्या दोन-तीन अंक अलीकडे-पलीकडे असेल तर ठीक. नेहमीच सहा-सात कमी दाखवीत असेल, तर तेवढा फरक चिठ्ठीवर लिहून त्यालाच चिकटवा. आमची तबकडी सकाळीही साठावरच होती. तिची जागा केराच्या टोपलीत!

उष्णतामापकाची परीक्षा याहून सोपी. ठेचलेला बर्फ आणि थोडे पाणी ढवळून त्यात त्याचे टोक बुडवा. शून्य दाखवले पाहिजे.

मग खरी हवा कशी होती? दोन सारखे उष्णतामापक घेऊन, एकाच्या टोकाला ओल्या मलमलीची चिंधी गुंडाळून, दोन्ही पंख्यासमोर धरले. कोरडा ४२ वर राहिला, ओला २२ वर उतरला. पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जाते. आपला माठ आणि वाळ्याचा कूलर याच विद्येवर चालतात. हवा जितकी कोरडी तितका दोन्ही पाऱ्यांतला फरक मोठा. कोष्टकात पाहिले तर वीस अंशांच्या या फरकाचा अर्थ निघाला सुमारे १६ टक्के. ज्या प्राण्याला सत्तरच्या आसपास हवा लागते, तो सोळात बसला होता, आणि आम्ही वहीत साठ लिहीत होतो.

दिवा लावला की हवा सुकते

त्यात आमचा दिवा भर घालीत होता. शेकडा इतकी आर्द्रता म्हणजे, त्या तपमानाला हवेत जास्तीत जास्त जेवढी वाफ मावेल, तिच्या शेकडा किती भरली आहे ते. हवा तापली की तिचे पोट मोठे होते. २५ अंशांची ७० टक्के दमट हवा पाण्याचा थेंबही न गमावता ३५ अंशांपर्यंत तापवली, तर तीच ४० टक्क्यांच्या आसपास येते. म्हणून उष्णता आणि दमटपणा हे आकडे जोडीनेच वाचायचे, आणि एकाच जागी वाचायचे.

जागेचा प्रश्न तर याहूनही मोठा. आपण थंडीत कुडकुडलो तरी आतली भट्टी आपल्याला ३७ अंशांवर ठेवते. सरपटणाऱ्या प्राण्यांत अशी भट्टी नसते. ऊब हवी की तो उन्हात जातो, नको की सावलीत. इग्वानाने खाल्लेला पाला पोटात पचवणारे सूक्ष्म जीवही उबेवाचून कामाला लागत नाहीत. गारठ्यात त्याचे खाणे सुटते ते यामुळेच. तेव्हा पेटीत एकच हवा असून चालत नाही. एका टोकाला शेकण्याची जागा हवी, तिथे ३५ ते ३८ अंश. दुसऱ्या टोकाला विसावा हवा, तिथे २६ ते २९. कोणत्या वेळी कुठे बसायचे ते त्याचे त्याला कळते. आपण फक्त दोन्ही जागा खऱ्या ठेवायच्या.

आमची तबकडी होती वरच्या कोपऱ्यात, कारण तिथे ती आपल्याला उभ्या उभ्या वाचता येत होती. आईने कोपराऐवजी बोट बुडवावे तसेच हे झाले. आता तीन मापके आहेत. एक शेकायच्या फांदीवर, त्याची पाठ जिथे येते त्या उंचीला. एक गार टोकाला. आणि एक तो रात्री झोपतो तिथे. दिव्याचे किरण थेट मापकावर पडू देऊ नयेत. पडले तर ते हवेचे नव्हे, स्वतःच्या अंगाचे तपमान सांगते. वेधशाळेत उष्णतामापक जाळीच्या झडपांच्या पांढऱ्या पेटीत ठेवतात तो याचसाठी. ती पेटी काढणारा टॉमस स्टीव्हन्सन म्हणजे ‘ट्रेझर आयलंड’कार स्टीव्हन्सनचे वडील. फांदी किंवा फरशी किती तापली हे पाहायला पिस्तुलासारखे किरणमापक मिळते. पण ते पृष्ठभागाचे तपमान सांगते, हवेचे नाही, आणि काचेतून रोखले तर काचेचेच सांगते.

नागपूरकरांना हे नवे नाही

मोठ्यांची यंत्रेही चुकतात. ३० मे २०२४ रोजी नागपुरात रामदासपेठेतल्या स्वयंचलित हवामान केंद्राने चक्क ५६ अंश दाखवले, सोनेगावच्या केंद्राने ५४. देशभर बातमी झाली. पण शहराच्या आसपासच्या दुसऱ्या दोन केंद्रांवर त्याच दिवशी ४४ होते. हवामान खात्याने ते आकडे यंत्रातल्या बिघाडाचे ठरवले. चूक पकडली गेली, कारण शेजारी दुसरे मापक होते. आपल्या पेटीतही एकापेक्षा अधिक मापके हवीत ती याचसाठी.

आणि आपल्या गावची हवा म्हणजे दोन टोकांची. मे २०१३ मध्ये नागपुरात ४७.९ अंश नोंदले गेले, डिसेंबर २०१८ अखेर ३.५. उन्हाळ्यात दिव्याची गरजच संपते, उलट पेटी भट्टी होऊ नये हे पाहावे लागते. दिवसातून दोन-तीनदा पाण्याची फवार आणि पसरट भांड्यात पाणी हवे. पावसाळ्यात ओल आपोआप येते, पण कोंदटपणा व बुरशी येऊ नये म्हणून वारा खेळता हवा. आणि आता, दिवाळीनंतर, रात्री उतरू लागतात. उजेड न देणारा उष्णक आणि त्याची उष्णता आपोआप आवरणारे यंत्र याच महिन्यात तपासून घ्यावे. पहाटेचा सर्वांत कमी आकडा लक्षात ठेवणारे मापक घ्यावे, कारण त्या वेळी आपण दुलईत असतो.

हे आकडे इग्वानाचे. वाळवंटी सरड्याला तेवढ्या ओलीने छातीचा विकार होईल. ज्याचा प्राणी, त्याची हवा. आणि अंगणात तारा कासव सापडले तर पेटी शोधू नका. वनखात्याच्या १९२६ या क्रमांकाला कळवा. त्याची पेटी रानात आहे.

परवा वाडीला जाऊन आलो. भाच्याची वही आता नाचते आहे: ६८, ७४, ६१, ७१. इग्वाना एक नख कमी घेऊन फांदीवर चढतो. तो तक्रार करीत नाही. त्याला बोलता कुठे येते? नरकचतुर्दशीला पहाटे बंब पेटवायच्या आधी पेटीपाशी जाऊन आकडा पाहायचा, असे त्या मायलेकांनी ठरवले आहे. बहीण हसून म्हणाली, “दादा, आई असती तर तिने आत कोपर घालून पाहिलं असतं.”

खरेच पाहिले असते.