मुलांच्या देखत उच्चारलेले निदान

सुमारे तीन वर्षांपूर्वी एका नऊ वर्षांच्या मुलाला त्याची आई माझ्या चिकित्सालयात घेऊन आली. भूक अनियमित, झोप अपुरी, अभ्यासात लक्ष नाही, अशी तक्रार होती. परीक्षण करून मी मुलाच्या देखतच म्हणालो, "हा वातप्रकृतीचा आहे. चंचल राहणारच. एका जागी बसणे याच्या स्वभावातच नाही." औषधाने भूक सुधारली, झोपही लागू लागली. गेल्या पावसाळ्यात तोच मुलगा खोकल्यासाठी आला. आता तो सातवीत होता. अभ्यासाविषयी सहज विचारले, तर हसत म्हणाला, "डॉक्टर, मी वातप्रकृतीचा ना! एका जागी बसून अभ्यास माझ्याकडून व्हायचाच नाही." माझे औषध तो केव्हाच विसरला होता, माझे वाक्य मात्र त्याने जपून ठेवले होते.

चूक माझी होती. ती आपल्यापैकी अनेकांकडून नकळत होत असावी, म्हणून हा लेखप्रपंच.

'मी कसा आहे' या प्रश्नाला मूल मनाशी जे उत्तर देते ती त्याची आत्मप्रतिमा, आणि त्या 'मी'ची त्याला जी किंमत वाटते तो आत्मसन्मान. या दोन्ही गोष्टी मूल जन्मतः घेऊन येत नाही. दीड-दोन वर्षांचे मूल आरशातील स्वतःला ओळखू लागते. चार वर्षांचे मूल 'मी जोरात पळतो' असे बिनदिक्कत सांगते. तेथे तुलना जवळजवळ नसते. सात-आठ वर्षांच्या सुमारास ते स्वतःला इतरांशेजारी उभे करून मोजू लागते. एरिक एरिक्सन यांनी १९५० साली शालेय वयातील मुख्य संघर्ष कर्तृत्वभावना आणि न्यूनत्वभावना यांमधील असल्याचे मांडले, ते याच वयाविषयी. पौगंडावस्थेत शरीर झपाट्याने बदलते आणि आपण लोकांना कसे दिसतो, हा प्रश्न सर्वांत मोठा होऊन बसतो. चार्ल्स कूली या समाजशास्त्रज्ञाने १९०२ मध्येच म्हटले होते की, माणूस स्वतःला इतरांच्या नजरेच्या आरशात पाहतो. मुलाच्या दृष्टीने वैद्य हा त्या आरशांपैकी मोठा आरसा होय. आई रागावून बोलली तर ते विसरता येते. 'डॉक्टरांनी सांगितले' ते मात्र खरेच मानले जाते.

आपल्या संहिताकारांना याची जाणीव नव्हती असे नाही. बालकास भय दाखवू नये, रडणाऱ्या किंवा न जेवणाऱ्या बालकासमोर राक्षस-पिशाचांची नावे घेऊ नयेत, असे चरकाचार्यांनी शारीरस्थानात बजावले आहे. बालकाला दरडावू नये, असे सुश्रुतही सांगतात. विमानस्थानात वयाचे विभाग सांगताना सोळा वर्षांपर्यंत धातू अपरिपक्व आणि पुढे तीस वर्षांपर्यंत सत्त्व बहुधा अनवस्थित असते, असे म्हटले आहे. ज्याचे सत्त्व अद्याप स्थिर झालेले नाही, त्याच्यावर आपण स्वभावाचा कायमचा शिक्का मारावा काय?

सूत्रस्थानातील अष्टनिंदितांचेही असेच आहे. अतिस्थूल, अतिकृश, अतिकृष्ण, अतिगौर इत्यादी आठ प्रकार तेथे चिकित्सकाच्या मार्गदर्शनासाठी सांगितले आहेत. दुकानाच्या काउंटरपुढे उभ्या असलेल्या तेरा वर्षांच्या मुलीला ऐकवण्यासाठी ते नाहीत. तरीही 'रंग उजळायला काही देऊ का?', 'हिची उंची खुंटलेली दिसते' ही वाक्ये आपल्या दुकानांतून सर्रास ऐकू येतात. ती मुलगी खोकल्याचे औषध घ्यायला आलेली असते आणि परतताना स्वतःमधील एक उणीव घेऊन जाते. औषधविक्रेते बंधूंनी हेही ध्यानी घ्यावे की, आक्षेपार्ह जाहिरातींविषयीच्या १९५४ च्या कायद्याच्या अनुसूचीत व्यक्तीच्या उंचीचाही अंतर्भाव आहे.

यावर आक्षेप येईल की, पालकच असे काहीतरी मागतात. आपण नाही दिले तर ते शेजारच्या दुकानात जातील. हे खरे आहे. काही गिऱ्हाईक जाईल. परंतु मुलाच्या मनात न्यूनगंड रुजवून होणारी विक्री ही चिकित्सा नव्हे, एवढे तरी आपण मान्य करू. दुसरा आक्षेप असा की, मग मुलांची खोटी स्तुती करायची काय? मुळीच नाही. 'तू फार हुशार आहेस' असे ऐकलेली मुले अपयशानंतर लवकर खचतात, तर प्रयत्नाचे कौतुक झालेली मुले अधिक चिकाटी दाखवतात, असे क्लॉडिया म्युलर व कॅरोल ड्वेक यांच्या १९९८ च्या प्रयोगांत दिसून आले. स्तुतीचा शिक्काही शेवटी शिक्काच.

मी स्वतःपुरते काही नियम केले आहेत. मुलाची तक्रार प्रथम मुलालाच विचारतो. वजन-उंचीची नोंद मोठ्याने उच्चारत नाही. पालकांशी जे बोलायचे ते मुलाला बाहेर बसवून बोलतो. प्रकृती सांगायचीच झाली तर 'तू असा आहेस' असे न म्हणता 'तुला याची काळजी घ्यावी लागेल' असे सांगतो. प्रकृती बदलत नाही हे शास्त्र आहेच, परंतु ती आहार-विहार ठरवण्यासाठी आहे, मुलाचे भवितव्य ठरवण्यासाठी नाही.

त्या मुलाला मी त्या दिवशी म्हणालो, "वातप्रकृतीची मुले चटकन शिकतात. वीस मिनिटे बस, मग ऊठ, एक फेरी मार आणि पुन्हा बस." त्याने क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "मग तेव्हा तुम्ही तसं का म्हणाला होता?" मी त्याला सांगितले की, तेव्हा माझे चुकले होते. औषधाची मात्रा ठरवताना आपण रुग्णाचे वय आणि बल पाहतो. मुलांसमोर शब्द योजतानाही तेच पाहावे, एवढीच व्यवसायबंधूंना विनंती.