गाठ अंडाशयात, मग पिशवी कशाला?

मांजरसुंब्याजवळचं कपिलधार बीडकरांना वेगळं सांगायला नको. पावसाळ्यात तिथला धबधबा पाहायला आपल्याकडचीही कुटुंबं डबे बांधून जातात. याच बालाघाटाच्या वाड्या-वस्त्यांतून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते आणि खाडा पडला की पैसे कापले जातात. पाळीच्या दिवसांतही बाईला मोळ्या वाहाव्या लागतात. पोट दुखू लागलं की ती डॉक्टरकडे जाते, सोनोग्राफी होते, रिपोर्टवर 'सिस्ट' असं लिहिलेलं असतं. पुढे "पिशवी काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल" एवढंच तिच्या कानावर पडतं.

२०१९ साली हा विषय गाजला तेव्हा राज्य सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भाशयाची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे साधारण सहांतली एक! सगळ्याच शस्त्रक्रिया विनाकारण होत्या असं आम्ही म्हणणार नाही, पण हा आकडा पाहून गप्प बसणंही बरं नव्हे.

भगिनींनो, आधी एक गोष्ट नीट समजून घेऊ. अंडाशय वेगळं आणि पिशवी वेगळी. पिशवीच्या दोन्ही बाजूंना एकेक अंडाशय असतं. पाळी चालू असलेल्या बाईच्या अंडाशयात दर महिन्याला पाण्याचा एक छोटा फुगा तयार होतो, तो फुटतो आणि बीज बाहेर पडतं. कधी तो फुटत नाही, थोडा मोठा होतो. बहुतेक सिस्ट या अशाच असतात आणि दोन-तीन पाळ्यांत आपोआप जिरतात. पाच सेंटिमीटरपेक्षा लहान, नुसतं पाणी भरलेली गाठ असेल आणि त्रास नसेल, तर सहसा काही करावं लागत नाही. त्याहून मोठी असेल तर पुन्हा सोनोग्राफी करून लक्ष ठेवतात. गोळ्यांनी गाठ विरघळते हा समजही खरा नाही.

काही गाठी मात्र जिरत नाहीत. डरमॉइड गाठीत चक्क केस आणि दातही सापडतात. चॉकलेट सिस्टमध्ये जुनं रक्त साठतं, पाळीत असह्य दुखतं. अशा गाठी वाढल्या किंवा त्रास देऊ लागल्या, तर दुर्बिणीतून फक्त गाठ काढून अंडाशय वाचवता येतं बहुतेक वेळा. तरुण बाईची पिशवी त्यासाठी काढायचं कारण नसतं. आणि पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयंही गेली तर पाळी एकदम जाते, अंगातून वाफा निघतात, हाडं लवकर ठिसूळ होतात. मग कोयता हातात धरणार कसा? पीसीओडी हा आणखी वेगळा प्रकार आहे. त्यात दिसणारे बारीक फुगे म्हणजे शस्त्रक्रियेची गाठ नव्हे.

लग्न न झालेल्या मुलीला डॉक्टरकडे न्यायला आपल्या घरांत संकोच वाटतो. अम्मी घरगुती काढ्यावरच महिने काढते. खरं तर अशा मुलीची सोनोग्राफी लघवी साठवून पोटावरूनच करतात, आतून तपासणी लागत नाही. लेडी डॉक्टर मागण्यातही काही गैर नाही.

पोटात एका बाजूला अचानक जोरात कळ आली आणि उलट्या सुरू झाल्या, तर गाठीसकट अंडाशयाला पीळ पडलेला असू शकतो. तेव्हा सकाळची वाट पाहू नये, त्याच रात्री मोठ्या दवाखान्यात जावं. पाळी कायमची गेल्यावर दिसलेली गाठ किंवा आलेलं रक्त हेही अंगावर काढू नये. तिथे कॅन्सर नाही याची खात्री करावीच लागते. सीए-१२५ ही रक्ततपासणी नुसत्या पाळीनेही वाढलेली दिसू शकते, म्हणून एकट्या तिच्यावर कोणी पिशवी काढायला सांगितली तर दुसऱ्या डॉक्टरला रिपोर्ट दाखवा.

बीडमध्ये आता खासगी दवाखान्यांना पिशवी काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यावी लागते. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयानेही विनाकारण होणाऱ्या या शस्त्रक्रिया रोखण्याच्या मार्गदर्शक सूचना सगळ्या राज्यांनी लागू कराव्यात, असा आदेश दिला. तेव्हा परवानगीचा कागद मागायला लाजू नका, आणि सोनोग्राफीची फिल्म घरी जपून ठेवा. पुढच्या वेळी गाठ वाढली की जिरली हे त्यावरूनच कळतं.