तीन बोटं वर करताना एवढं आठवा

दर १८ फेब्रुवारीला इथे शार्लटमध्ये तेच सुरू होतं. काळ्या गाडीचे फोटो, तिच्यावरचा तो तिरका ३, आणि खाली ठरलेलं वाक्य : वाघासारखा जगला, वाघासारखा गेला. आता आपली मराठी मंडळीही ते शेअर करायला लागलीत, म्हणून लिहितोय.

डेल अर्नहार्ट मलाही आवडतो. का आवडू नये? इथून तासाभराच्या आत कॅनापोलिस आहे, टॉवेल आणि चादरींच्या गिरणीवर उभं राहिलेलं गाव. बाप गिरणीत राबून शर्यती खेळणारा, पोराने नववीत शाळा सोडलेली. आणि त्या पोराने नॅसकारचं विजेतेपद सात वेळा घेतलं. गिरणगावातल्या माणसाला हा हिरो समजावून सांगावा लागत नाही. डेटोना ५०० मात्र त्याला हुलकावणी देत राहिली. १९९८ मध्ये, विसाव्या प्रयत्नात ती जिंकली, तेव्हा इतर सगळ्या टीमची माणसं रांगेत उभी राहून त्याच्याशी हात मिळवत होती. ज्यांना त्याने वर्षानुवर्षं धक्के मारून बाजूला सारलं, तीच माणसं.

हे प्रेम खरं आहे. पण 'वाघासारखा गेला' हे खोटं आहे, आणि ते कुणाच्या सोयीचं आहे ते बघा.

२००१ ची डेटोना, शेवटची फेरी, चौथं वळण. गाडी भिंतीवर आदळली आणि कवटीच्या तळाशी फ्रॅक्चर झालं. वय ४९. त्याआधी मे २००० मध्ये ॲडम पेटी गेला, १९ वर्षांचा पोर. जुलैमध्ये त्याच न्यू हॅम्पशरच्या ट्रॅकवर केनी अर्विन. ऑक्टोबरमध्ये टेक्सासला टोनी रोपर. सगळे डोक्या-मानेच्या माराने. दहा महिन्यांच्या आत चार माणसं! आणि यावरचा उपाय, डोकं झटक्याने पुढे जाऊ न देणारा 'हान्स' हा पट्टा, १९८० च्या दशकातच तयार झाला होता. नॅसकारने तो 'ज्याची त्याची मर्जी' म्हणून सोडून दिला.

आणि चाहत्यांनी काय केलं? स्टर्लिंग मार्लिनच्या गाडीचा स्पर्श झाला होता म्हणून त्याला जिवे मारण्याच्या धमक्या दिल्या. शेवटी डेलच्या मुलाला पुढे येऊन सांगावं लागलं, याला दोष देऊ नका. मग सीटबेल्ट तुटला होता असं जाहीर झालं, तर बेल्ट बनवणाऱ्या बिल सिम्पसनच्या मागे लागले. राग सगळ्यांवर निघाला, नियम करणाऱ्यांवर सोडून.

आता कडू गोष्ट. डेलला स्वतःलाच हान्स नको होता. तो शेवटपर्यंत उघड्या तोंडाचं हेल्मेट घालत राहिला, सुरक्षेबद्दल बोलणाऱ्यांची थट्टा करत राहिला. (हसू नका, हेल्मेटसक्ती म्हटल्यावर पुण्यात काय होतं ते आपल्याला ठाऊक आहे.) म्हणून दोष त्याचाच? नाही. सगळ्यात मोठा ड्रायव्हर 'नको' म्हणतो, तेव्हाच तर नियमाची गरज असते. 'मर्दाचा खेळ' म्हणून तिकिटं विकायची आणि माणूस मेला की नशीब म्हणायचं, हे चालणार नाही.

हान्स किंवा तसंच साधन सक्तीचं झालं ते ऑक्टोबर २००१ मध्ये, ब्लेझ अलेक्झांडर हा आणखी एक तरुण ड्रायव्हर दुसऱ्या एका मालिकेत मेल्यावर. पुढच्या वर्षीपासून भिंतींनाही धक्का शोषणारे अडथळे बसू लागले. २०२० मध्ये त्याच डेटोनात रायन न्यूमनची गाडी उडाली, उलटी आपटली. टीव्हीसमोर आम्ही सगळे गप्प झालो होतो. दोन दिवसांनी तो दोन्ही मुलींचे हात धरून हॉस्पिटलमधून चालत बाहेर आला.

पुढच्या १८ फेब्रुवारीला डेलचा फोटो टाकाल, जरूर टाका. खाली त्या पट्ट्याबद्दल दोन ओळी लिहा. आणि ॲडम, केनी, टोनी यांची नावंही.