बॉनेटखालचा वायरींचा गुंता

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. शेजारच्या वहिनी रात्री नऊच्या सुमारास दारात आल्या आणि म्हणाल्या, "भाऊजी, जरा खाली येता का? गाडीतून जळका वास येतोय. पोरगा म्हणतो, काही नाही, क्लच गरम झाला असेल."

वहिनी घरी डबे करतात. मुलगा सकाळ-संध्याकाळ ते डबे पोहोचवतो. त्यासाठी जुनी मारुती ८०० घेतलेली, तीही हप्त्याने. ही गाडी २०१४ साली बनायची थांबली, त्यामुळे आज जी हाती येते ती दोन-चार मालकांकडून फिरूनच येते. प्रत्येक मालकाने आपापल्या हौसेची एकेक वायर त्यात सोडलेली असते. बॉनेट उघडले आणि तेच दिसले.

मोठ्या आवाजाच्या हॉर्नची वायर थेट बॅटरीच्या प्लसवरून काढलेली, मध्ये फ्यूज नाही. वायरही घरच्या बोर्डाला लावतात ती. एका ठिकाणी ती पत्र्याच्या भोकातून नुसतीच ओढलेली आणि पत्र्याच्या धारेने वरचे प्लॅस्टिक निम्मे कापलेले. काळी टेप उष्णतेने पाघळून गुळासारखी चिकट झालेली. वास मात्र हेडलाइटच्या कपलरमधून येत होता. त्याचे पांढरे प्लॅस्टिक तपकिरी होऊन वितळायला लागले होते.

कारण विचारले तेव्हा चिरंजीव म्हणाले, "काका, उजेड कमी पडत होता, म्हणून १०० वॉटचे बल्ब टाकले."

इथे थोडा हिशेब करू. तो शाळेतलाच आहे. कंपनीचा हॅलोजन बल्ब ६०/५५ वॉटचा असतो. अप्परवर दोन्ही मिळून १२० वॉट, बॅटरी १२ व्होल्टची, म्हणजे सुमारे १० अँपिअर. १००/९० चे बल्ब लावले की दोन्ही मिळून २०० वॉट, म्हणजे जवळजवळ १७ अँपिअर. वायर तीच, कपलर तोच आणि स्विचही तोच. शिवाय फ्यूज सारखा उडतो म्हणून कोणी तरी मोठा फ्यूज बसवलेला. फ्यूज हा बल्बच्या नव्हे, वायरीच्या रक्षणासाठी असतो. वायर तापण्याआधी तो जळावा, हेच त्याचे काम. मोठा फ्यूज लावला किंवा चांदी गुंडाळली, तर फ्यूजऐवजी वायर जळते, आणि वायरीच्या शेजारी पेट्रोलचा पाइप असतो.

म्हणून वाचकहो, खिशात दोन-चारशेच रुपये असतील तर ते आधी फ्यूज आणि अर्थिंगवर घाला. रंगीत नळ्या आणि चकचकीत पट्ट्या नंतरच्या. दिसायला नीटनेटके आणि आत फ्यूजच नाही, असे वायरिंग उघड्या गुंत्यापेक्षा वाईट, कारण दोष झाकला जातो.

कामाला हात घालण्यापूर्वी गाडी थंड होऊ द्या. बॅटरीचा मायनस आधी सोडा आणि जोडताना तो शेवटी जोडा. प्लस आधी सोडायला गेलात आणि पाना बॉडीला टेकला, तर मोठी ठिणगी पडते. बॅटरीजवळ विडी-सिगारेट नको, तिच्यातून हायड्रोजन निघतो. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी असेल तर खाण्याचा सोडा कोमट पाण्यात कालवून जुन्या टूथब्रशने घासा, कोरडे पुसा, घट्ट आवळा आणि वरून व्हॅसलिनचा हात फिरवा. मग अर्थची जाड वायर बॉडीला आणि इंजिनला जिथे जोडली आहे, ते बोल्ट सोडून पॉलिश पेपरने गंज काढा. एक दिवा मंद, एक प्रखर, अशा तक्रारीचे मूळ पुष्कळदा या गंजात असते. वहिनींच्या गाडीत तसेच निघाले. अर्थ साफ केल्यावर ६० वॉटच्या बल्बनेही रस्ता चांगला दिसू लागला. मोठ्या बल्बची गरजच नव्हती.

बॅटरीवरून निघणाऱ्या प्रत्येक जादा वायरीला बॅटरीजवळच, वीतभर अंतराच्या आत, फ्यूज हवा. पात्याच्या फ्यूजचे रंग लक्षात ठेवा: लाल १०, निळा १५, पिवळा २० आणि हिरवा ३० अँपिअर. मोठ्या हॉर्नला आणि जादा दिव्यांना रिले लावा, म्हणजे स्विचवर भार येत नाही.

आता गुंता सोडवणे. वायरी कापत सुटू नका. आधी एकेक वायर हाताने चाचपत शेवटापर्यंत जा, कागदावर रंग लिहून ठेवा. दोन्ही टोकांना कशालाच जोडलेली नाही अशी खात्री झाली, तरच काढा. सांधा पीळ देऊन टेप लावण्याचा नसतो. चांगला लग पक्कडीने दाबून त्यावर उष्णतेने आवळणारी नळी चढवा. नुसते सोल्डर केलेला सांधा इंजिनच्या थरथरीने कडेला तुटतो, म्हणून सोल्डर केलाच तर शेजारी वायरीला आधार द्या.

वायरींचा जुडगा चिरलेल्या वळ्यावळ्यांच्या काळ्या पाइपात घाला. हा पाइप गाड्यांच्या इलेक्ट्रिकच्या दुकानातूनच घ्या. घरच्या वायरिंगचा पीव्हीसी पाइप उष्णतेत टिकत नाही. चीर खाली ठेवा, म्हणजे आत शिरलेले पाणी गळून जाईल. कपलरच्या आधी वायरीला थोडा खाली झोल द्या, म्हणजे थेंब झोलावरूनच पडेल. टेप कापडी वापरा. पत्र्याच्या भोकात रबरी ग्रोमेट बसवा. एक्झॉस्टपासून शक्य तितके दूर राहा आणि पेट्रोलच्या पाइपाला वायर कधीही बांधू नका. प्लॅस्टिकची पट्टी फास लावल्यासारखी आवळू नका, इंजिन हलते तेवढी ढील असू द्या.

सर्व्हिस स्टेशनवर इंजिनवर डिझेल मारून चमक आणून देतात, ती नको. त्याने रबर फुगते, धूळ चिकटते आणि आगीला निमित्त मिळते. कपलरवर जोराच्या पाण्याचा फवाराही नको. ओल्या फडक्याने पुसलेले बरे.

उंदरांबद्दल सगळेच विचारतात. तंबाखूची पाने आणि डांबरगोळ्या टांगतात, पण वास उडाला की उंदीर परत येतो. डब्याचे खरकटे गाडीत न ठेवणे, गाडी रोज हलवणे आणि आठवड्यातून एकदा बॉनेट उघडून पाहणे, याने जास्त फरक पडतो. कुरतडलेली वायर दिसली तर टेप फासू नका, तेवढा तुकडा बदला.

हे सारे जुन्या, साध्या गाड्यांसाठी. नव्या गाडीत कॉम्प्युटर असतो, आणि एअरबॅगच्या वायरींवर बहुधा पिवळे आवरण असते. त्यांना हात लावू नका, तिथे जाणकार मिस्त्रीच हवा.

वहिनींच्या गाडीला दोन रविवार लागले. कपलर, दोन फ्यूज होल्डर, एक रिले, पाइप आणि टेप, एवढेच सामान विकत आणले. उरलेले फ्यूज डॅशबोर्डच्या खणात ठेवले आहेत. चिरंजीवांनी १०० वॉटचे बल्ब मात्र टाकून दिलेले नाहीत. मोजात गुंडाळून कपाटात ठेवलेत, असे वहिनी परवा हळूच सांगत होत्या.