भाकरीला धर्म चिकटवू नका

मुसलमान म्हटला की बिर्याणी, हे समीकरण महाराष्ट्रात पक्के झाले आहे. ईद जवळ आली की स्नेही मंडळी विचारतात, "मग, बिर्याणीला कधी बोलावताय?" विचारण्यात प्रेम असते, माहिती नसते. माण-खटाव आणि जत-आटपाडीकडच्या मुसलमानाच्या ताटात रोज ज्वारी-बाजरीची भाकरी असते, शेंगदाण्याची चटणी असते, ठेचा असतो. पाटण-शिराळ्याकडे गेलात तर त्याच ताटात भात येतो. कारण धान्य धर्म ठरवत नाही, पाऊस ठरवतो. आपण भाकरीला 'जवारीकी रोटी' म्हणतो आणि कालवणाला 'सालन', एवढाच फरक. बोली दख्खनी, चव इथल्याच मातीची.

इतकी साधी गोष्ट आज मुद्दाम सांगावी लागते, कारण या ताटाकडे चहूकडून हात येऊ लागले आहेत.

पहिला हात वाटणी करणाऱ्यांचा. मार्च २०२५ मध्ये राज्याचे मंत्री नितेश राणे यांनी हिंदू विक्रेत्यांच्या झटका मटणाच्या दुकानांसाठी 'मल्हार' प्रमाणपत्र जाहीर केले. ज्याला झटका खायचा आहे त्याने जरूर खावा, त्याबद्दल कुणाची तक्रार असायचे कारण नाही. पण मटणाला धर्माची पाटी लावणे म्हणजे परंपरेकडे परत जाणे, असे कुणी सांगू लागले तर त्याला गावगाडा आठवून द्यावा लागेल. या गावगाड्यात मुलाणी होता. मशिदीची व्यवस्था बघणे आणि गावची बकरी हलाल करणे हे त्याचे काम. जत्रेचे बकरेही त्याच्याच सुरीखाली जाई आणि त्याचा वाटा त्याला मिळे. ते मटण खाऊन कुणाचा धर्म बुडाला नाही. आजही सातारा-सांगलीत गावोगाव मुलाणी आडनावाची घरे आहेत. पिराला कंदुरी करणाऱ्यांत हिंदू कुटुंबेही आहेत. कंदुरी हा शब्द फारसी, अर्थ दस्तरखान. आठवडी बाजारात भाजी बागवानाची, पान तांबोळ्याचे. हे हात वगळून या भागातले कोणते ताट पुरे होते, ते दाखवा.

शुद्ध, मूळ, आपले अन्न म्हणजे तरी काय? दिवाळीच्या फराळातली शंकरपाळी हा फारसी शकरपारा आहे. बर्फीतला 'बर्फ' फारसी आहे. मलिदा तर आपण उरुसातून उचलून थेट राजकारणात नेला. तो कोण खातो हे सर्वांना माहीत आहे. उपवासाची साबुदाण्याची खिचडी घ्या. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो, शेंगदाणा, मिरची आणि बटाटा, चारही मूळचे अमेरिका खंडातले. पोर्तुगीज आले नसते तर आपला ठेचाही झाला नसता आणि त्यांचा उपवासही असा सुटला नसता. यात कुणाला कमीपणा नाही. अन्न नेहमी प्रवास करूनच घरचे होते.

दुसरा हात आपल्याच माणसांचा आहे, म्हणून तो जास्त बोचतो. मोहरमचे चोंगे, खिचडा, उरुसाचा मलिदा यांना अडाण्यांचा खुळचटपणा म्हणून घरातून हद्दपार करणे चालू आहे. फातिहा द्यावी की नाही हा दीनचा प्रश्न, तो जाणकारांनी सोडवावा. पण गव्हाचे पीठ, गूळ आणि तूप कधीपासून नाजायज झाले? रूढी नको असेल तर रूढी सोडा. पदार्थाने काय गुन्हा केला? गंमत अशी की चोंगे सोडणारी घरे लग्नात अरबी मंदी मोठ्या अभिमानाने वाढतात. मंदी चवीला चांगली असेल, पण अरबस्तानातले जेवण खाल्ल्याने इमान वाढत नाही आणि भाकरी खाल्ल्याने कमी होत नाही. खजूर आपल्याला प्रिय आहे, शीरखुर्म्यात तो हवाच. पण त्याच शीरखुर्म्यातल्या शेवया उन्हाळ्यात आपल्या आया-आज्यांनी पाटावर वळल्या, वाळवल्या. दोन्ही एका वाटीत राहतात, भांडत नाहीत.

तिसरे संकट म्हणजे कोरा कागद. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते. आवडत्या पदार्थावर निबंध लिहायला सांगितला की वर्गातली बहुतेक मुले बिर्याणी आणि कोरमा लिहितात; त्याच मुलांच्या डब्यात भाकरी आणि वांग्याचे सालन असते. दोष मुलांचा नाही. त्यांना वाटते, उर्दूत लिहायचे म्हणजे लखनौ-दिल्लीचेच लिहायचे. मराठी पुस्तकात आपले स्वयंपाकघर नाही, उर्दू पुस्तकातही नाही. आणि ज्या दख्खनीत ते रोज बोलले जाते तिला आपणच 'बिघडलेली उर्दू' म्हणून हिणवतो. मग मुलाने स्वतःला ओळखावे कुठे?

सांगली जिल्ह्यातल्या कुंडलच्या कमलाबाई ओगले फारशा शिकलेल्या नव्हत्या. १९७० साली त्यांचे 'रुचिरा' आले आणि मराठी घराघरांत पोचले. शाहू पाटोळे यांनी २०१५ मध्ये 'अन्न हे अपूर्णब्रह्म' लिहून मराठवाड्यातल्या दलितांचे ताट साहित्यात आणले. ज्या अन्नाची लाज वाटावी अशी व्यवस्था होती, ते त्यांनी मान वर करून मांडले. ज्याने त्याने आपले घर लिहिले. आपले घर दुसरा कोण लिहिणार? सोलापुरात १९९० साली पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन झाले. तेव्हापासून आपण अस्मितेवर पुष्कळ बोललो, पण अस्मिता जिथे रोज शिजते त्या चुलीपर्यंत आपली लेखणी क्वचितच गेली. तो बायकांचा विषय म्हणून बाजूला ठेवला.

इथे एक सावधगिरी हवी. वारसा जपायचा म्हणजे सुनेने पहाटे उठून भाकऱ्या थापायच्या आणि पुरुषांनी व्यासपीठावरून त्यांचे गुणगान करायचे, असा अर्थ कुणी काढू नये. नोकरी करणारी बाई तयार शेवया आणील, आणू दे. वारसा हातातून सुटला तरी चालेल, आठवणीतून सुटता कामा नये. आणि आठवण लिहून ठेवायला पुरुषाचे हातही चालतात.

म्हणून या अंकाच्या वाचकांना विनंती आहे. आपल्या घरातल्या सर्वांत वयस्कर बाईजवळ वही घेऊन बसा. चोंग्यावरची नक्षी कशाने उठवायची, खिचड्यात कोणती धान्ये पडतात, शेजारच्या कोणत्या घरी ताट जायचे आणि तिकडून काय यायचे, हे तिच्याच बोलीत लिहून घ्या. कडेगावचे उंच ताबूत तिथले हिंदू-मुसलमान मिळून उचलतात. त्या मोहरमची छायाचित्रे दरवर्षी छापून येतात, त्या दिवशी घराघरांत काय शिजते ते छापून येत नाही. संपादकांनी दर अंकात त्यासाठी चार पाने राखावीत. प्रमाणपत्र वाटणाऱ्यांना आणि फतवे वाटणाऱ्यांना उत्तर द्यायला तेवढी पाने पुरेशी आहेत.