मिसवाक खिशात, प्लास्टिक दातांत

गेल्या रविवारी एका वलीम्याला गेलो होतो. बिर्याणी उत्तम होती, तिच्याबद्दल तक्रार नाही. तक्रार नंतरची आहे. हात धुऊन परत येतो तर प्रत्येक टेबलावर एक वाटी आणि तिच्यात प्लास्टिकचे फ्लॉस-पिक. एका टोकाला धनुष्यासारखा ताणलेला दोरा, दुसऱ्या टोकाला अणकुचीदार काडी, आणि प्रत्येक नग वेगळ्या प्लास्टिकच्या पाकिटात. लोक पाकीट फाडत होते, दाढेत अडकलेला मटणाचा धागा काढत होते आणि पिक ताटात टाकत होते. दहा सेकंदांचं काम. शेजारी बसलेल्या एका बुजुर्गांच्या खिशातून मिसवाक डोकावत होती. त्यांनीही एक पिक उचललं, वापरलं, टाकलं आणि मग मला मिसवाकचे फायदे सांगायला घेतले.

त्या बुजुर्गांवर माझा राग नाही. राग आहे तो आपल्या सगळ्यांच्या एका सवयीवर. सुन्नतची वस्तू आपण खिशात ठेवतो आणि सुन्नतचं काम विसरतो.

मिसवाक म्हणजे पीलूच्या झाडाची मुळी किंवा फांदी. टोक चावून तिचा कुंचला करायचा आणि दात घासायचे. नमाजपूर्वी तोंड स्वच्छ असावं याचा पैगंबरांनी किती आग्रह धरला हे मुसलमान वाचकांना सांगायला नको. पीलूत जंतूंना रोखणारे घटक आहेत हेही खरं. पण व्हॉट्सअॅपवर फिरतं तसं ‘मिसवाक असेल तर दुसऱ्या कशाचीच गरज नाही’ हे खरं नाही. मिसवाक असो की ब्रश, तो दाताच्या पुढच्या, मागच्या आणि वरच्या बाजूला पोहोचतो. दोन दात एकमेकांना खेटतात तिथे पोहोचत नाही. हिरडीचं दुखणं बहुतेक वेळा तिथूनच सुरू होतं.

आणि ही गोष्ट आपल्या जुन्या लोकांना ठाऊक नव्हती असंही नाही. 1111 साली वारलेल्या इमाम गझालींच्या ‘इह्या उलूम अद्-दीन’मध्ये जेवणाच्या अदबींचं प्रकरण आहे. त्यात जेवणानंतर खिलाल करण्याचा, म्हणजे दातांमधले कण काढण्याचा, उल्लेख येतो. काडीने निघालेला कण गिळू नये इतक्या बारकाव्यापर्यंत ते जातात. नऊशे वर्षांपूर्वीचा माणूस दातांच्या फटीची एवढी काळजी करतो, आणि आपण? मिसवाक मशिदीबाहेर विकत मिळते, हातात दिसते, ओळख सांगते. खिलाल बिचारा कोणाला दिसत नाही. म्हणून तो सुटला.

आपल्या घरांतली तोंडं एकदा बघा. कोकणात आणि देशावर आपल्या कितीतरी आया-आज्यांनी जन्मभर मिश्री लावली. भाजलेला तंबाखूच तो, पण नाव दंतमंजनाचं. गुटख्यावर महाराष्ट्रात 2012 पासून बंदी आहे, तरी नाक्यावर रिकाम्या पुड्या दिसतातच. त्यात घरोघरी मधुमेह. मधुमेहात हिरड्या लवकर बिघडतात आणि बिघडलेल्या हिरड्यांमुळे साखर आटोक्यात ठेवणं अवघड जातं, हा दुहेरी संबंध आता वैद्यकात पक्का झालेला आहे. माझ्या अम्मीचे चार दात असेच गेले. किडले नव्हते, हलून पडले. डॉक्टरांनी विचारलं, ‘फटी कशाने साफ करता?’ अम्मी म्हणाली, ‘टाचणीने.’ घरात सुया, टाचण्या, काड्यापेटीतल्या काड्या होत्या. दोरा नव्हता.

तर दोरा हवाच. माझं भांडण दोऱ्याशी नाही, त्याच्याभोवतीच्या प्लास्टिकशी आहे. केंद्राने 1 जुलै 2022 पासून एकदा वापरून फेकायच्या ज्या प्लास्टिक वस्तूंवर बंदी घातली, त्यांत प्लास्टिकच्या काडीचे इयरबड आहेत, फुग्यांच्या काड्या आहेत, आइस्क्रीमच्या काड्या आहेत. फ्लॉस-पिक नाही. कान साफ करायच्या काडीला बंदी आणि दात कोरायच्या काडीला मोकळं रान! रोज एक धरलं तर पाच माणसांच्या घरात वर्षाला 1,825 पिक होतात. भंगारवाला ते उचलत नाही. गटारात जातात आणि पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्याबरोबर आपल्याच मोहल्ल्यात परत येतात.

खरं तर दोऱ्याला दांडी नव्हतीच. न्यू ऑर्लिन्सचे दंतवैद्य लेव्ही स्पिअर पार्मली यांनी 1819 च्या आपल्या पुस्तकात मेण लावलेला रेशमी दोरा दातांमधून फिरवायला सांगितला होता. रेशमाच्या जागी नायलॉन आला तो दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, आणि प्लास्टिकची दांडी तर त्याहून नंतरची. तेव्हा बोटं शाबूत असतील त्यांना पुन्हा पुन्हा वापरायचं सर्वात स्वस्त साधन अल्लाहने आधीच दिलंय. हातभर, साधारण 45 सेंटिमीटर दोरा घ्या, दोन्ही मधल्या बोटांना गुंडाळा, फटीत हळू सरकवा, दाताला मिठी मारल्यासारखा वळवून वर-खाली घासा. शेजारच्या दातालाही तेच. झटका देऊ नका. सुरुवातीला थोडं रक्त येईल, आठवड्याभरात थांबलं नाही तर डॉक्टर गाठा. 50 मीटरचं रीळ असं रोज वापरून एका माणसाला साडेतीन महिने पुरतं.

अम्मीची बोटं संधिवाताने वाकलेली आहेत, तिला हे जमत नाही. तिच्यासाठी दोरा बदलता येणारी दांडी आणली. इंग्रजी वाय अक्षरासारखी असते, दोरा ताणून अडकवायचा, वापरला की फक्त दोरा काढून टाकायचा आणि दांडी धुऊन ठेवायची. कुणाला घट्ट प्लास्टिकची मिळते, कुणाला स्टीलची. ज्यांच्या फटी रुंद झाल्यात त्यांनी डॉक्टरांना विचारून बाटली घासायच्या ब्रशसारखा तो चिमुकला ब्रश घ्यावा. केस वाकेपर्यंत तो बरेच दिवस चालतो.

आता आक्षेप. पहिला, फ्लॉसचा उपयोग सिद्धच नाही. 2016 मध्ये अमेरिकेतल्या बातम्यांनी ही हवा उठवली होती. 2019 चा कॉक्रेन आढावा सांगतो की नुसत्या ब्रशपेक्षा ब्रश आणि दोरा, किंवा ब्रश आणि तो चिमुकला ब्रश, यांनी हिरड्यांची सूज अधिक कमी होऊ शकते. पुरावा फार भक्कम नाही हेही तिथेच लिहिलंय. मला तेवढा पुरे आहे. टाचणीच्या बाजूने तर तेवढाही नाही.

दुसरा, रेशीम पुरुषाला मना आहे. मना आहे ते अंगावर घालणं. दातांतून फिरवलेला दोरा पोशाख नव्हे, असं मी समजतो. मन मानत नसेल तर आपल्या मुफ्तीसाहेबांना विचारा किंवा साधा नायलॉनचा दोरा घ्या. दांडीसकट फेकण्यापेक्षा नुसता दोरा फेकणं केव्हाही बरं. फक्त संडासात टाकू नका, नळी तुंबते.

तिसरा आक्षेप माझाच आहे. ‘इको-फ्रेंडली’ नावाखाली जे महाग विकलं जातं ते सगळं तसं नसतं. बांबूच्या दांडीला नायलॉनचा दोरा लावलेला सापडतो. मक्यापासून केलेलं प्लास्टिक अंगणातल्या खतात कुजत नाही, त्याला कारखान्यातली उष्णता लागते. आणि आपल्या दुकानांत मिसवाकसुद्धा आता प्लास्टिकमध्ये हवाबंद येते, वर प्लास्टिकची डबी. सुन्नतच्या नावावर इसराफ, म्हणजे उधळपट्टी, विकायची आणि तीही सवाबच्या भावाने!

पुढच्या महिन्यात भाचीचा वलीमा आहे. केटररला सांगितलंय, टेबलावर बडीशेप ठेवा, वाटीत साध्या लाकडी काड्या ठेवा, पाकिटं नकोत. तो म्हणाला, ‘भाईजान, आजकाल सगळे पिकच मागतात. पाहुणे नावं ठेवतील.’ ठेवू देत. अम्मी स्वतःची दांडी बटव्यात घेऊन येणार आहे.