सव्वा तास आधी थांबलेले रॉकेट

नागपूरहून अमरावती रस्त्याने निघाले की वाडीच्या बाजूला अ‍ॅल्युमिनियमवर संशोधन करणारी, पं. नेहरूंच्या नावाची संस्था लागते. बँकेत असताना त्या रस्त्याने किती वेळा गेलो असेन! पातेल्याच्या धातूवर अख्खी संस्था कशाला, असे तेव्हा वाटे. उत्तर पुढे श्रीहरिकोट्याहून मिळाले.

१९ ऑगस्ट २०१३. जीएसएलव्ही-डी५ या रॉकेटच्या उड्डाणाला ७४ मिनिटे उरली होती. तेवढ्यात दुसऱ्या टप्प्यातून इंधन गळताना आढळले आणि उड्डाण थांबवले गेले. ती टाकी आफनॉर ७०२० या मिश्रधातूची होती. जस्त आणि मॅग्नेशियम मिसळलेले हे अ‍ॅल्युमिनियम हलके नि मजबूत खरे. पण सतत ताण आणि दमट हवा यांमुळे काही काळाने त्याला आतल्या आत तडा जाऊ शकतो. इस्रोने नवी टाकी २२१९ या तांबेमिश्रित अ‍ॅल्युमिनियमची केली. ५ जानेवारी २०१४ रोजी डी५ने जीसॅट-१४ उपग्रह सुखरूप कक्षेत सोडला.

हे वाचताना मला माझी एक चूक आठवली. एका शाखेत असताना रेकॉर्ड रूमच्या छपरासाठी मी तीन कोटेशने मागवली आणि नियमाप्रमाणे सर्वांत कमी दराचे मंजूर केले. दोन पावसाळे छान गेले. मग आमचा शिपाई एकदा म्हणाला, ‘‘साहेब, पत्र्याले गंज चढून राह्यला.’’ मी फायलीतून मान वर न करता म्हटले, ‘‘पुढच्या वर्षी बघू.’’ त्याच पावसाळ्यात लेजरांचा लगदा झाला. पत्रा हलका होता, हे खरेच; पण ऐकून न घेणारा साहेब मी होतो.

आमचे नुकसान कागदाचे होते. २८ जानेवारी १९८६ रोजी अमेरिकेचे चॅलेंजर यान ७३ सेकंदांत नष्ट झाले आणि सात अंतराळवीर गेले. कारण काय, तर बूस्टरच्या सांध्यातले रबरी कडे थंडीने ताठरले. आपल्या कुकरच्या रिंगसारखेच त्याचे काम: फट बंद ठेवणे. आदल्या रात्री बूस्टर बनवणाऱ्या कंपनीच्याच इंजिनिअरांनी ‘एवढ्या थंडीत उडवू नका’ म्हणून सांगितले होते. त्यांचे ऐकले गेले नाही. पुढे शास्त्रज्ञ फाइनमन यांनी चौकशीत तसल्या रबराचा तुकडा बर्फाच्या पाण्यात बुडवून साऱ्या जगाला दाखवला. तोवर उशीर झाला होता.

वस्तू निवडताना माणूस चुकणारच. पहिल्या दिवशी सगळेच पत्रे चकाकतात. धातूचा आणि रबराचा स्वभाव कळायला काळ जावा लागतो. म्हणून कोटेशनात दराशेजारी आणखी एक रकाना हवा: ‘दहा वर्षांनी याचे काय होईल?’ आणि गंज पहिल्यांदा ज्याला दिसतो, त्याला काम थांबवा म्हणण्याची मुभा हवी. श्रीहरिकोट्याला त्या दिवशी रॉकेट उडाले नाही. माझ्या मते, तो दिवस अपयशाचा नव्हता.